एचजीपीआरटी पेशीत कुठे असतं? आधी त्याची शेपटी बघा

चिपळूणच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘मॅडम, उन्हाळ्याच्या प्रोजेक्टमध्ये मी लीशमॅनियाच्या, म्हणजे काळा आजार करणाऱ्या परजीवीच्या, एचजीपीआरटी या एन्झाइमाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून पाहिलं. पुस्तकात हे एन्झाइम ग्लायकोसोम या पेशीतल्या छोट्या कप्प्यात असतं असं दिलंय, पण मला अख्खी पेशी हिरवी दिसली. गाइड म्हणाले, पुस्तक चुकलं असेल. मलेरियाच्या परजीवीत तर ग्लायकोसोम नसतातच. मग प्यूरीन परत वापरणारी ही एन्झाइमं नेमकी असतात कुठे? आणि ते कळून औषधाच्या दृष्टीने उपयोग काय?’

पुस्तक बरोबर आहे. जीएफपी कुठल्या टोकाला जोडलंस ते तू लिहिलेलं नाहीस, पण कॉलेजातून सहज मिळणारे बरेच व्हेक्टर, म्हणजे जनुक पेशीत नेणारे डीएनएचे तुकडे, ते प्रथिनाच्या मागच्या टोकाला, साखळी संपते तिथे, जोडतात. तिथेच घोळ झाला असणार. तो कसा, ते पुढे नीट सांगते. प्रश्नाचा दुसरा भाग, उपयोग काय हा, जास्त अवघड आहे. त्याचं उत्तर प्रत्येक परजीवीत वेगळं येतं, त्यामुळे एकेक करून बघू.

आधी पाया. प्यूरीन म्हणजे अ‍ॅडेनीन, ग्वानीन आणि त्यांचे भाऊबंद हायपोझँथीन, झँथीन. आपल्याकडे हा शब्द लोकांच्या कानावर पडतो तो पायाचा अंगठा सुजल्यावर. डॉक्टर युरिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट बघून बांगडा, तारली, कोलंबी बंद करायला सांगतात आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. माशातलं प्यूरीन आपल्याला जड जातं, कारण आपल्याला त्याची फारशी गरजच नसते. आपल्या पेशी पीआरपीपी या साखर-फॉस्फेटावर ग्लायसिन, ग्लुटामिन, अ‍ॅस्पार्टेट वगैरेंचे तुकडे चढवत दहा पायऱ्यांत आयएमपी हे न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखर-फॉस्फेटाला जोडलेलं प्यूरीन, तयार करतात. तिथून एक फाटा एएमपीकडे जातो, दुसरा जीएमपीकडे. जे उरतं किंवा मोडतं ते युरिक अ‍ॅसिड होऊन बाहेर पडतं.

मलेरिया, लीशमॅनिया, ट्रिपॅनोसोम, टोक्सोप्लाझ्मा, जिआर्डिया या एकपेशीय परजीवींपैकी कुणालाही या दहा पायऱ्या येत नाहीत. गंमत म्हणजे पिरिमिडीन, म्हणजे डीएनएचा उरलेला अर्धा भाग, मलेरियाचा आणि लीशमॅनियाचा परजीवी स्वतः बनवतो. प्यूरीनसाठी मात्र तो पूर्णपणे यजमानावर अवलंबून असतो. आयतं मिळालेलं प्यूरीन घ्यायचं, पीआरपीपीशी जोडायचं, एका पायरीत न्यूक्लिओटाइड तयार. ही जोडणी करतात ती फॉस्फोरिबोसिलट्रान्सफरेज एन्झाइमं. एचजीपीआरटी हायपोझँथीन आणि ग्वानीन घेतं, एपीआरटी अ‍ॅडेनीन घेतं, एक्सपीआरटी मुख्यतः झँथीन. याशिवाय अ‍ॅडेनोसिनला सरळ फॉस्फेट लावणारं अ‍ॅडेनोसिन कायनेज काही परजीवींत असतं.

एचजीपीआरटी माणसातही आहे. ते जवळजवळ नसलेल्या मुलांना लेश-नायहान हा आजार होतो. युरिक अ‍ॅसिड प्रचंड वाढतं आणि मूल स्वतःचेच ओठ, बोटं चावतं. परजीवीच्या एचजीपीआरटीवर औषध शोधणाऱ्याच्या मनात हा धाक कायम असायला हवा. तरी मोठ्या माणसाला थोड्या दिवसांसाठी द्यायच्या औषधाचा हिशेब वेगळा असतो. आपल्याला दहा पायऱ्यांची वाट मोकळी असते, परजीवीला नसते. सगळी आशा या फरकावर आहे.

आता मलेरिया. पावसाळ्यात ताप आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात आधी लेप्टो की मलेरिया हाच प्रश्न असतो, त्यामुळे हा परजीवी आपल्या अंगणातला. प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरममध्ये ग्लायकोसोम नाहीत, हे तू बरोबर लिहिलंस. त्याची प्यूरीनची एन्झाइमं परजीवीच्या पेशीद्रवातच काम करतात. अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज अ‍ॅडेनोसिनचं इनोसिन करतं, पीएनपी इनोसिनमधून हायपोझँथीन सोडवतं आणि एचजीएक्सपीआरटी त्याचं आयएमपी करतं. नावात ‘एक्स’ जास्त आहे, कारण हे एन्झाइम झँथीनही घेतं. माणसाचं घेत नाही.

पण मलेरियात एन्झाइमापेक्षा दारं जास्त महत्त्वाची आहेत. का, ते कागदावर गणित करून बघ. फाल्सिपॅरमचा जीनोम सुमारे २.३ कोटी बेसजोड्यांचा. प्रत्येक जोडीत एक प्यूरीन असतंच, म्हणजे डीएनएच्या एका प्रतीला २.३ कोटी प्यूरीन. तांबड्या पेशीत ४८ तासांत एकाचे समजा वीस झाले, तर एकोणीस नव्या प्रती लागल्या. झाले जवळजवळ ४४ कोटी प्यूरीन रेणू, तेही फक्त डीएनएसाठी. आरएनए आणि परजीवीचं स्वतःचं एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं प्यूरीनचंच न्यूक्लिओटाइड, अजून धरलेलंच नाही. आता तांबड्या पेशीकडे काय आहे? तिचं आकारमान साधारण ९० फेम्टोलीटर आणि एटीपी दीड मिलिमोलरच्या आसपास. गुणाकार केला की आठ कोटींच्या आसपास रेणू येतात. त्या पेशीतलं सगळं एटीपी ओरबाडलं तरी पाचवा हिस्सासुद्धा भागत नाही. म्हणजे रक्तद्रवातून सतत हायपोझँथीन आत यायलाच हवं, आणि रक्तद्रवात ते असतं जेमतेम काही मायक्रोमोलर.

आत यायचं म्हणजे तीन पडदे ओलांडायचे: तांबड्या पेशीचा, परजीवी ज्या पोकळीत बसलेला असतो तिचा, आणि परजीवीचा स्वतःचा. शेवटच्या पडद्यावर पीएफईएनटी-१ नावाचा वाहक आहे. हा वाहक काढून टाकलेले परजीवी रक्तात असते तेवढ्या हायपोझँथीनवर जगत नाहीत, पण माध्यमात ते भरपूर ओतलं तर जगतात.

या शेवटच्या वाक्यावर प्रयोगशाळेत काम करणाऱ्याने जरा थांबावं. फाल्सिपॅरम वाढवायचं आरपीएमआय माध्यम आपण तयार करतो तेव्हा त्यात लीटरला ५० मिलिग्रॅम हायपोझँथीन घालायची पद्धत आहे. ते पाण्यात लवकर विरघळत नाही. आधी थोड्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून घ्यावं लागतं, नाहीतर फिल्टरवर पांढरी पूड राहते आणि माध्यमात काहीच जात नाही. ५० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ३७० मायक्रोमोलर, रक्तातल्यापेक्षा शंभरपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. अशा माध्यमात पीएनपी किंवा वाहक अडवणारं औषध तपासलं तर ते फुकट आहे असाच निष्कर्ष निघणार. औषध दार बंद करतंय आणि आपण छप्पर उघडून आत माल टाकतोय. इम्युसिलीन गटाच्या रेणूंचं असंच होतं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजातल्या व्हर्न श्रॅम यांच्या गटाने पीएनपीची रासायनिक क्रिया मध्यावर असतानाच्या आकाराची नक्कल करून ते घडवले. त्यांनी माणसाचं आणि परजीवीचं, दोन्ही पीएनपी बंद पडतं. संवर्धनात हायपोझँथीन कमी असेल तर परजीवी प्यूरीनअभावी मरतात, वरून हायपोझँथीन घातलं की वाचतात. २०११ मध्ये याच गटातला एक रेणू औतस माकडांना तोंडावाटे दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातला फाल्सिपॅरम हटला. ते माकडांच्या रक्तात घडलं, कुणाच्या बाटलीतल्या माध्यमात नाही, म्हणून मी त्याला जास्त वजन देते.

जाता जाता: मलेरियाच्या औषधांची जुनी चाचणी किरणोत्सारी हायपोझँथीन वापरूनच करायचे. परजीवी जिवंत असेल तर ते खेचून घेतो, मेला असेल तर नाही. परजीवीची ही हाव लोकांनी औषधं मोजायचं साधन म्हणून वापरली, आणि त्याच हावेवर औषध बनवायचं मात्र बरीच वर्षं राहिलं.

आता तुझा लीशमॅनिया. काळा आजार हा बिहारकडचा, कोकणातला नव्हे, पण प्यूरीनच्या एन्झाइमांच्या पत्त्यांवर सगळ्यात बारीक काम याच परजीवीत झालंय, मुख्यतः अमेरिकेत ऑरेगनला बडी उलमान यांच्या प्रयोगशाळेत. ग्लायकोसोम हे लीशमॅनिया आणि ट्रिपॅनोसोम यांच्या कुळातच सापडणारे छोटे कप्पे. ऑपरडूस आणि बोर्स्ट या दोघांनी १९७७ मध्ये आफ्रिकन ट्रिपॅनोसोमात ते दाखवले, तेव्हा ग्लायकोलिसिसची, म्हणजे साखर मोडून ऊर्जा काढणाऱ्या वाटेची, पहिली सात एन्झाइमं एका पडद्यात बंद मिळाली. इतर बहुतेक सजीवांत ती पेशीद्रवात मोकळी असतात. पुढे कळलं की हे कप्पे आपल्या पेशींतल्या पेरॉक्सिसोम या कप्प्यांचेच नातेवाईक आहेत आणि आत जायची परवानगी मागायची रीतही तीच आहे.

त्या रीतीचा शोध काजव्यामुळे लागला. मे संपता संपता, पहिल्या पावसाआधी, सह्याद्रीच्या पायथ्याशी काजव्यांनी झाडं पेटतात ते तू पाहिलं असशीलच. काजव्याच्या उजेडाचं एन्झाइम ल्युसिफरेज. अमेरिकेतल्या एका काजव्याचं हे एन्झाइम सस्तन प्राण्याच्या पेशीत घातलं तर ते थेट पेरॉक्सिसोममध्ये जाऊन बसतं, असं सुरेश सुब्रमणी यांच्या प्रयोगशाळेत १९८७ मध्ये दिसलं. कारण शोधत गेल्यावर लक्षात आलं की साखळीच्या अगदी शेवटची तीन अमिनो आम्लं, सिरीन-लायसिन-ल्युसिन, एवढीच पुरेशी असतात. पेशीतलं पेक्स-५ नावाचं प्रथिन ही तीन आम्लं पकडतं आणि माल आत नेऊन सोडतं. तीनच, आणि तीही अगदी शेवटी. त्यांच्या मागे काही लावलं की पेक्स-५ ला ती पकडता येत नाहीत.

लीशमॅनिया डोनोव्हानीच्या एचजीपीआरटीची शेवटची तीन आम्लं आहेत सिरीन-लायसिन-व्हॅलिन. ल्युसिनऐवजी व्हॅलिन, पण चालतं. १९९८ मध्ये हे एन्झाइम ग्लायकोसोममध्ये असतं हे दाखवलं गेलं, आणि ती तीन आम्लं काढल्यावर ते पेशीद्रवात पसरतं हेही. एक्सपीआरटीची शेपटी अ‍ॅलानिन-लायसिन-ल्युसिन, तेही ग्लायकोसोममध्ये. एपीआरटीला अशी शेपटी नाही, ते पेशीद्रवात असतं. हे दोन्ही २००४ मध्ये नक्की झालं. आयएमपीपासून ग्वानीनच्या फाट्यावर नेणारं आयएमपी डिहायड्रोजनेज ग्लायकोसोममध्ये आहे. अ‍ॅडेनीनचं हायपोझँथीन करणारं अ‍ॅडेनीन अमिनोहायड्रोलेज पेशीद्रवात आहे, आणि ते आपल्या शरीरात नाहीच. त्याचं नाव लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता तुझी हिरवी पेशी. एचजीपीआरटीच्या मागे जीएफपी जोडलं की सिरीन-लायसिन-व्हॅलिन ही आम्लं शेवटची राहत नाहीत. त्यांच्या मागे जीएफपीची दोनशे अडतीस आम्लं लागतात. पेक्स-५ ला शेपटी सापडत नाही, एन्झाइम पेशीद्रवात राहतं आणि सगळं हिरवं दिसतं. तुला जे दिसलं ते खरंच होतं, फक्त ते मूळ एचजीपीआरटीबद्दल काही सांगत नव्हतं. तेच जीएफपी पुढच्या टोकाला जोड. पेशीत बारीक ठिपके दिसले पाहिजेत.

दिसतील याची मात्र खात्री धरू नकोस. जनुकाच्या फार प्रती घातल्या, प्रथिन वारेमाप बनलं, की पेक्स-५ ला तेवढा माल वाहता येत नाही आणि उरलेला बाहेर सांडतो. मग ठिपकेही दिसतात आणि मागे हिरवं धुकंही. काही जण अशा चित्रावर ‘दुहेरी स्थान’ असं लिहून मोकळे होतात. माझा अशा निष्कर्षावर विश्वास बसत नाही, जोवर पेशीने स्वतः बनवलेलं एन्झाइम, जसंच्या तसं, दुसऱ्या पद्धतीने तपासलेलं नसतं.

ती दुसरी पद्धत म्हणजे डिजिटोनिन. महागडा मायक्रोस्कोप लागत नाही, साध्या कॉलेजातही करता येते. डिजिटोनिन स्टेरॉल असलेल्या पडद्याला भोकं पाडतं. पेशीच्या बाहेरच्या पडद्यात स्टेरॉल भरपूर असतं, ग्लायकोसोमच्या पडद्यात फार कमी. सारख्याच पेशी घेतलेल्या नळ्यांची ओळ लाव, पहिलीत डिजिटोनिन नाही, पुढे थोडं थोडं वाढवत जा. काही मिनिटं ठेवून सेंट्रिफ्यूज कर, आणि वरच्या पाण्यात किती एन्झाइम आलं आणि खाली किती राहिलं ते मोज. पेशीद्रवातली एन्झाइमं पहिल्या काही नळ्यांतच बाहेर येतात. त्यासाठी पायरुव्हेट कायनेज मोज. ग्लायकोसोममधली उशिरा, जास्त डिजिटोनिनला येतात, त्यासाठी हेक्झोकायनेज. तुझं एचजीपीआरटी कुणाच्या बरोबरीने येतं ते आलेखावर सरळ दिसतं. हेक्झोकायनेज पहिल्याच नळीत बाहेर आलं तर पेशी आधीच फुटल्यात असं समज आणि दिवस फुकट घालवू नकोस. आपल्याकडे जूनमध्ये खोलीतली दमट हवा आणि अधूनमधून जाणारी वीज यांत पेशी बर्फावरून जरा जास्त वेळ बाहेर राहिल्या की हे हमखास होतं.

अँटिबॉडी वापरणार असशील तर एक काळजी घे. लीशमॅनियात एचजीपीआरटी आणि एक्सपीआरटी ही दोन जनुकं शेजारी-शेजारी आहेत, प्रथिनंही एकमेकांसारखी आहेत. अँटिबॉडी दोघांनाही चिकटू शकते. एचजीपीआरटी काढून टाकलेली पेशी जवळ असेल तरच तुझ्या ठिपक्यांना अर्थ.

स्थान ठरलं. आता त्यावरून काय म्हणायचं? इथे बरेच लेख घसरतात. ‘हे एन्झाइम ग्लायकोसोममध्ये असतं, ग्लायकोसोमशिवाय परजीवी जगत नाही, म्हणून या एन्झाइमाचं ग्लायकोसोममध्ये असणं जीवनावश्यक’ अशी साखळी लावली जाते. पण उलमान यांच्या गटाने शेपटी कापून पेशीद्रवात पसरलेलं एचजीपीआरटी मूळ एन्झाइम नसलेल्या पेशीत घालून पाहिलं. ते काम करतं. पेशी प्यूरीन घेते, वाढते. म्हणजे निदान प्रयोगशाळेत एचजीपीआरटीला ग्लायकोसोमच हवा असं नाही. याच्या अगदी उलट उदाहरण आफ्रिकन ट्रिपॅनोसोमातल्या फॉस्फोग्लिसरेट कायनेजचं: रक्तातल्या ट्रिपॅनोसोमात ते पेशीद्रवात आणलं तर परजीवी वाढूच शकत नाही. तिथे ग्लायकोलिसिसच्या सुरुवातीच्या एन्झाइमांना उत्पादन वाढल्यावर थांबवणारी लगाम नसते, त्यामुळे त्यांना कप्प्यात कोंडलं नाही तर एटीपीचा हिशेब कोलमडतो. एकाच कप्प्यातल्या दोन एन्झाइमांची गोष्ट इतकी वेगळी असू शकते. म्हणून ‘ग्लायकोसोममध्ये आहे’ एवढ्यावरून मी काहीच अनुमान काढत नाही. हलवल्यावर काय होतं ते बघितल्याशिवाय बोलू नये.

मग खरी गरज कशाची? एकेकटं काढलं तर एचजीपीआरटी, एक्सपीआरटी, एपीआरटी यांच्यापैकी कशावाचूनही लीशमॅनियाचं अडत नाही. २००६ मध्ये एचजीपीआरटी आणि एक्सपीआरटी दोन्ही काढले तेव्हा अडलं. हे दुहेरी परजीवी फक्त अ‍ॅडेनीन किंवा अ‍ॅडेनोसिनवर जगले, आणि तेही डिऑक्सिकोफॉर्मायसिन घातलं तरच. का? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं अ‍ॅडेनीन अमिनोहायड्रोलेज. ते पेशीद्रवात बसून आलेल्या अ‍ॅडेनीनचं हायपोझँथीन करत राहतं, आणि हायपोझँथीन घेणारं आता कुणीच नाही. डिऑक्सिकोफॉर्मायसिन त्याला अडवतं, तेव्हा कुठे अ‍ॅडेनीन एपीआरटीच्या वाट्याला येतं. उंदरात लागण करायची या परजीवींची ताकदही फार घटली. म्हणजे आत काहीही येवो, ते हायपोझँथीन किंवा झँथीनच्या रूपात या दोन एन्झाइमांपाशी येतं. औषध करायचं तर एकाच वेळी दोघांना बसणारं हवं. पुस्तकातल्या आकृतीत चार-पाच बाण सारख्याच जाडीचे काढलेले असतात. हा प्रयोग वाचल्यावर त्यातले दोन बाण जाड करून घ्यावेत आणि बाकीचे पुसट.

दुसरी वाट म्हणजे एन्झाइम बंद करण्याऐवजी त्याला विष खायला घालायचं. युरिक अ‍ॅसिडवाल्यांची गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल, हायपोझँथीनसारखीच दिसते. ती हिचिंग्ज आणि एलियन यांच्या कामातून आली. त्या दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्यात ती झँथीन ऑक्सिडेज हे युरिक अ‍ॅसिड बनवणारं एन्झाइम अडवते. लीशमॅनियाचं एचजीपीआरटी मात्र तिला खरं प्यूरीन समजून पीआरपीपीशी जोडतं, पुढची एन्झाइमं तिचं अ‍ॅडेनीनसारखं रूप करतात आणि ते आरएनएत जाऊन बसतं. फॅलर आणि मार यांनी ही गोळी लीशमॅनियाला मारते हे १९७४ मध्येच दाखवलं. माणसात मात्र अपेक्षेइतकं जमलं नाही. आपलं शरीर दोन-तीन तासांत तिचं ऑक्सिप्युरिनॉल करून टाकतं आणि त्याला परजीवी फारशी भीक घालत नाही. भूमध्य सागराकडच्या कुत्र्यांच्या लीशमॅनियासिसवर पशुवैद्य अजून ती महिनोन्महिने देतात, मूत्रात झँथीनचे खडे होतात का यावर लक्ष ठेवून. इथे एचजीपीआरटीचं स्थान आडवं येत नाही, कारण अ‍ॅलोप्युरिनॉल हायपोझँथीनच्याच वाटेने आत जातं.

कोकणातल्या गोठ्याकडे वळायचं तर सर्रा. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, गोमाशीच्या चाव्यातून जनावरात जाणारा. ग्रिफिथ इव्हान्स यांना तो १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला घोड्या-उंटांच्या रक्तात सापडला. रोग करणारा म्हणून ओळखला गेलेला तो पहिला ट्रिपॅनोसोम. पावसानंतर गोमाश्या वाढतात, म्हैस खंगते, दूध आटतं, डॉक्टर डायमिनॅझीनचं इंजेक्शन देतात. हे औषध ट्रिपॅनोसोममध्ये शिरतं कुठून? पी-२ या वाहकातून, म्हणजे अ‍ॅडेनोसिन आणि अ‍ॅडेनीनसाठी परजीवीने ठेवलेल्या दारातून. हे दार बंद पडलेल्या परजीवीला औषध लागत नाही, आणि प्यूरीन तो दुसऱ्या वाहकांनी घेतो. अर्धवट डोस देऊन सोडून देण्यात हा धोका असतो. विदर्भातल्या चंद्रपूर जिल्ह्यात २००४ मध्ये एका शेतकऱ्याला हाच परजीवी झाला होता. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम मारणारं एपीओएल-१ हे प्रथिन काम करत नव्हतं, एरवी माणसाला तो सहसा होत नाही. सुरामिन देऊन तो बरा झाला.

ट्रिपॅनोसोम आणि लीशमॅनिया एकाच कुळातले असले तरी एकाचा पत्ता दुसऱ्याला लावू नकोस. आफ्रिकन ट्रिपॅनोसोमात एपीआरटी दोन आहेत, एक पेशीद्रवात आणि एक ग्लायकोसोममध्ये.

मांजरांतून पसरणारा टोक्सोप्लाझ्मा हे स्थानाच्या प्रश्नाचं आणखी मजेदार उदाहरण. हर्णैच्या बंदरावर मासे पळवणाऱ्या मांजरांकडे बघून मला नेहमी तोच आठवतो. त्यात एचएक्सजीपीआरटीचं जनुक एकच, पण आरएनए दोन तऱ्हांनी कापलं जातं आणि दोन प्रकारचं एन्झाइम तयार होतं. एक पेशीद्रवात राहतं. दुसऱ्याला पुढच्या टोकाला ४९ आम्लांचा जास्तीचा तुकडा असतो; त्याला स्निग्धाम्ल चिकटतं आणि ते परजीवीच्या कातडीखालच्या पडद्यांच्या अस्तराला जाऊन लागतं. २००५ मध्ये हे दाखवलं गेलं. म्हणजे इथे पत्त्याची खूण पुढच्या टोकाला. तुझ्यासारखं कुणी टोक्सोप्लाझ्मात पुढे जीएफपी जोडेल तर नेमकी उलटी फसगत होईल. या परजीवीत अ‍ॅडेनोसिन कायनेजही आहे, आणि एचएक्सजीपीआरटी व ते या दोघांपैकी एक काढलं तर चालतं, दोन्ही काढले तर नाही.

जिआर्डियाचं प्रकरण सरळ आहे: अ‍ॅडेनीन आणि ग्वानीन वेगवेगळे घ्यायचे, एकाचं दुसरं करता येत नाही. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

क्रिप्टोस्पोरिडियम मात्र वाच, कारण आकृत्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांना त्याने चांगलाच धडा दिलाय. वासरांना हगवण लावणारा आणि लहान मुलांनाही छळणारा हा परजीवी. त्याचा जीनोम वाचल्यावर प्यूरीनची एकच अरुंद वाट दिसली: अ‍ॅडेनोसिन कायनेज, मग एएमपी डीअमिनेज, मग आयएमपी डिहायड्रोजनेज. हे शेवटचं एन्झाइम त्याने कधीकाळी जीवाणूकडून उचललेलं, आपल्यापेक्षा बरंच वेगळं. औषधासाठी याहून चांगलं लक्ष्य कुठलं, असं सगळ्यांना वाटलं आणि त्यावर बरीच वर्षं रेणू घडवले गेले. २०१९ मध्ये या वाटेवरची जनुकं काढून पाहिली, आणि परजीवी जगला, वाढला. तो यजमानाच्या पेशीतून तयार न्यूक्लिओटाइडच उचलतो असं दिसलं. जीनोममध्ये एन्झाइमं दिसतात, न्यूक्लिओटाइड आत घेणारं दार कुणाला ओळखू येत नाही, आणि मग वाट एकच आहे असं वाटतं.

तुझ्या प्रोजेक्टचं आता असं कर. जीएफपी पुढच्या टोकाला घेऊन नवीन रचना कर, आणि तिच्याच जोडीला शेवटची तीन आम्लं कापलेली दुसरी. पहिलीत ठिपके आणि दुसरीत सगळीकडे हिरवं दिसलं तर जुनी हिरवी पेशी फेकू नकोस, तिसरं चित्र म्हणून शेजारी लाव. शेपटी झाकली की काय होतं याचा तो पुरावा आहे. ठिपके ग्लायकोसोमच आहेत हे ठरवायला हेक्झोकायनेजची अँटिबॉडी लाल रंगात घे. मूळ, काहीही न जोडलेल्या पेशींवर डिजिटोनिनची मालिका निदान तीनदा वेगवेगळ्या दिवशी कर. गाइडना ‘पुस्तक बरोबर होतं’ असं म्हणायची गरज नाही, आलेख समोर ठेव. आणि एचजीपीआरटी नसलेली पेशी कुणाकडून मिळाली, तर शेपटी कापलेलं एन्झाइम तिच्यात घालून फक्त हायपोझँथीनवर ती वाढते का ते बघ. माध्यमातला सीरम आधी डायलाइज करून, म्हणजे पडद्यातून छोटे रेणू काढून, घ्यायला विसरू नकोस, सीरममध्येच प्यूरीन असतं आणि मग काहीही घातलं तरी सगळंच वाढतं.